आधी शाबास, मग चुका

वच्छला,

वाचनालयाचे सेक्रेटरी दोनदा घरी येऊन गेले. हस्तलिखित अंकासाठी तुझ्यावर दोन पानं हवीत म्हणतात. जन्म कधी, शिक्षण किती, स्वभाव कसा, आणि शेवटी ईश्वर मृतात्म्यास शांती देवो. मी म्हटलं, "तिच्या घरी ईश्वराला मानत नाहीत." तर म्हणाले, "मग तेवढं वाक्य गाळा, बाकीचं द्या." बाकीचंही माझ्याच्याने होत नाही. तुझी जन्मतारीख मला ठाऊक नाही. शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी अंदाजाने टाकली, असं तूच हसत सांगितलं होतंस. म्हणून हे तुलाच लिहिते आहे. सेक्रेटरींना द्यायचं की चुलीत घालायचं, ते मागून पाहीन.

आज तेरा दिवस झाले. तुमच्यात तेरावं करत नाहीत. दीक्षा घेतली तेव्हापासून ते सगळं सोडलं, हेही तुझ्याकडूनच कळलेलं. म्हणजे पिंड ठेवून कावळ्याची वाट पाहावी, शिवला म्हणजे सुटलो म्हणावं, एवढीही सोय मला नाही. बरंच झालं. कावळा शिवला असता तर मी खरंच सुटले असं समजून घरी येऊन जेवले असते, इतकी मी लबाड आहे.

सोमवारी इंग्रजीचा वर्ग उघडला होता. नऊ जण आले, आपापल्या जागी बसले. तुझी खिडकीजवळची जागा कुणी घेतली नाही. मी रोजच्यासारखं "गुड आफ्टरनून" म्हटलं आणि माझाच आवाज मला नकोसा झाला. फळ्यावर तारीख लिहिली, पुसली, आणि सगळ्यांना घरी पाठवलं. वर्ग बंद केलाय मी. काही दिवसांसाठी नाही, बंदच. तू असतीस तर "काहून बंद केला?" म्हणून माझ्या दारात ठाण मांडून बसली असतीस.

मागच्या उन्हाळ्यात तू अशीच दारात येऊन उभी राहिली होतीस. मॅट्रिक झालेली, वसतिगृहात राहून टायपिंग शिकणारी, पायात वहाण नाही आणि चार वाजताचं अमरावतीचं ऊन. मी विचारलं, इंग्रजी कशाला हवं? तू सांगितलंस, टेलिफोन ऑपरेटरच्या जागेसाठी नागपूरला मुलाखतीला गेले होते, तीन साहेब बसले होते, पहिल्याने इंग्रजीत नाव विचारलं. "मले माहं नाव येत होतं बाई, पर तोंडच उघडलं नाई. तसीच उठून आली." पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणं येईल, त्याच्या आत तुला बोलता यायला हवं होतं.

मी माझा शहाणपणा पाजळला. म्हटलं, अगं, प्राथमिक शाळेत मास्तरीण हो, घराजवळची नोकरी, मानाची. तू मान हलवलीस.

"शाळेत समदे आडनाव इचारतात, बाई. टेलिफोनवर कोनाले दिसत नाई मी कोन हाय ते. निस्ता आवाज आयकू येते."

"तिथेही नाव सांगावं लागेल."

"नाई. तिथं नंबर सांगा लागते."

हरले की मी रागावते, हे तुला पुढे कळलंच. "बस त्या खिडकीजवळ," एवढंच म्हणाले.

पहिल्या दिवशी तुला नाव सांगायला उभं केलं. तू पदराचं टोक पिळत राहिलीस, मग एक शब्द बाहेर आला, तोही अर्धा. वर्गातला तो पुरवठा कचेरीचा कारकून फिस्सकन हसला. त्याचं स्वतःचं इंग्रजी म्हणजे कढीत बुडालेली भाकरी, पण हसायला काय लागतं! तू खाली बसलीस आणि नऊ दिवस तुझा आवाज कुणी ऐकला नाही. रोज यायचीस मात्र. दहाव्या दिवशी मी वर्गाला नियम घालून दिला. बोलायला उभा राहिलेला माणूस आपणहून खाली बसेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. हसायचं नाही, शब्द पुरवायचा नाही, चूक दाखवायची नाही, बाईंनीसुद्धा नाही. तो बसला की बाईंनी म्हणायचं शाबास, मग काय वाटेल त्या चुका काढायच्या. आधी शाबास, मग चुका. कारकुनाने विचारलं, "अन् बोलणारा चुकीचंच बोलत राह्यला तर?" मी म्हटलं, "तर चुकू द्या. कुणी मरत नाही."

असं म्हणाले मी, वच्छला. नऊ माणसं साक्षीला आहेत.

नियम झाल्यावर तू उभी राहिलीस. विषय तुझा तूच घेतलास, कापसाची वेचणी. दर्यापूरकडे लहानपणी आईबरोबर वेचायला जायचीस ते. बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्या बोटं कशा फाडतात, ओटीत कापूस भरला की पोटुशी बाई दिसते, सकाळी दहिवर असेपर्यंत वेचलं तर मालक खूश का, कारण ओला कापूस वजनाला चढतो. शब्द अडला की थांबायचीस, हाताने करून दाखवायचीस, पुन्हा निघायचीस. चार मिनिटं बोललीस. काळ आणि क्रियापदं यांचा नुसता चिवडा होता. पण कारकून हसायचं विसरला, आणि मी शाबास म्हणाले ते नियमासाठी नाही. माझे यजमान गेल्यापासून वर्ग काढेपर्यंत माझं इंग्रजी पेटीतल्या पैठणीसारखं पडून होतं, वर्षातून एकदा ऊन दाखवायचं आणि ठेवून द्यायचं. त्या दिवशी वाटलं, हे कुणाच्या तरी अंगाला लागलं.

मग तू सुटलीसच. आई कापसाची सरकी काढायच्या जिनात कामाला, तिथल्या जुन्या चिठ्ठ्या आणायचीस, त्यांच्या कोऱ्या बाजूला रोज पाच शब्द लिहायचीस आणि वसतिगृहात पोळपाटासमोरच्या भिंतीला चिकटवायचीस, खरकट्या कणकेने. मुंग्या लागल्या म्हणून रेक्टरबाई ओरडल्या, तर तू त्यांना इंग्रजीत सॉरी म्हणालीस आणि त्या गप्पच झाल्या. बिस्किटाचा डबा, औषधाची बाटली, रेल्वेच्या तिकिटाची मागची बाजू, इंग्रजी अक्षर दिसलं की वाचल्याशिवाय सोडलं नाहीस. तुला इंग्रजी का आवडतं हेही एकदा सांगितलंस. "तिथं समद्यायले यू. सायबालेबी यू अन् मलेबी यू. कोनी अरेतुरे करूच शकत नाई." मी म्हटलं, करणारा यू म्हणूनही करतो. तू म्हणालीस, "पर त्याले मेहनत पडते न बाई." या वादात तूच जिंकलीस. तेव्हा मान्य केलं नाही, आता करते.

दुसरी एक गोष्ट आहे, तिच्यावर आपण वादही केला नाही. वर्गात माठ होता, त्यावर एक पेला. पहिल्याच आठवड्यात तू पाणी मागितलंस. मी पेला भरला तोवर तू ओंजळ पुढे केली होतीस, आणि मी वरून ओतलं. बाकी सगळे त्याच पेल्याने प्यायचे, मीसुद्धा. मी मुद्दाम केलं नाही असं स्वतःला सांगत आले, पण हात थांबला नाही हे खरं. दुसऱ्या दिवसापासून तू औषधाची बाटली धुऊन त्यात पाणी आणायला लागलीस. चार महिन्यांनी मी एकदा तुझ्यापुढे पेला धरला. "नो, थँक यू, मॅडम," तू म्हणालीस, हसून, अगदी शिकवलं तसं. काढायला एक चूक नव्हती. मला तुझी माफी मागायची होती. वाटलं, नोकरी लागली की पेढे घेऊन येईल, तेव्हा बोलू. मी सगळं असंच मागून बोलायचं ठेवते.

पुढचं लिहायला नको वाटतं. पण तेवढ्यासाठीच बसले आहे.

मुलाखतीचं पत्र आलं, गुरुवारची तारीख. तू धड लुगडं घेऊन येते म्हणून अकोल्याला आईकडे गेलीस. मीही अकोल्यात होते, बहिणीच्या नातवाच्या बारशाला. म्हटलं, जाता जाता तुझी एकदा तयारी घ्यावी, म्हणून मंगळवारी सकाळी मोर्णा नदीचा पूल ओलांडून जुन्या शहरात तुमचं घर शोधत आले. शेजारीण म्हणाली, पोट्टीला शनिवारपासून दवाखान्यात ठेवलंय, पोट दुखते.

तुझी आई दवाखान्याच्या व्हरांड्यातच भेटली. तिने माझा हात धरला.

"बरं झालं बाई तुमी आल्या. पहाटेपासून तडफडून राहिली. तोंडात पदर कोंबते, पर नर्सले सांगू देत नाई. तो डॉक्टर तिकडला, मद्रासकडला. त्याले माहं समजत नाई अन् मले त्याचं समजत नाई. तुमी सांगा त्याले."

"सांगते," मी म्हणाले.

तू खाटेवर उठून बसली होतीस. केस विंचरलेले, तोंड धुतलेलं. मला पाहून एवढी उजळलीस की मला वाटलं, आई उगाच घाबरली.

"बाई, तुमी काई सांगू नका. तो म्हनते दोन रोज अजून पाहतो, दुखलं तं कापतो. परवा बेस्तरवार हाय, मुलाखतीचा."

"दुखतंय का?"

"दुखते. पर थांबून थांबून दुखते."

"मग सांगायला हवं, वच्छला."

"मागच्या साली मी मुकी बसली, बाई. दोनदा बोलावलं. तिसऱ्यांदा कोन बोलावते मले?"

मी काही म्हणणार तोवर डॉक्टर आलाच. तरुण, नवा बदलून आलेला, मराठी-हिंदीचं अक्षर नाही. दुभाषाचं काम करणारी नर्स दुसऱ्या वॉर्डात गेली होती. त्याने विचारलं, आज कसं वाटतं? आणि तू खाटेवरून उतरून उभी राहिलीस. वर्गात उभी राहायचीस तशी, हात मागे बांधून, मान ताठ.

"नो पेन, सर. आय स्लेप्ट व्हेरी वेल." दुखत नाही. छान झोप लागली. उलटी नाही. गुरुवारी नागपूरला माझी मुलाखत आहे, माझ्या सगळ्या आयुष्याचा प्रश्न आहे, मला जाण्याची परवानगी द्यावी अशी विनंती करते. एकही वाक्य अडलं नाही. वर्षभरात इतकं चांगलं तू कधी बोलली नव्हतीस. त्याने पोट दाबून पाहिलं, तू समोरच्या भिंतीकडे पाहत हसत राहिलीस. मला तुझ्या मागे बांधलेल्या हातांची बोटं दिसत होती, पांढरी पडलेली.

तुझ्या आईला राहवलं नाही. "सायेब, पहाटेपासून..." ती सुरू झाली. तू तिच्याकडे न पाहता म्हणालीस, "माय, चूप." आणि मी तिच्या हातावर हात ठेवला. तिला गप्प करायला. मुलगी बोलते आहे, मध्ये बोलू नये. माझ्या डोक्यात त्या क्षणी एवढंच होतं. खोटं सांगू कशाला?

डॉक्टर खूश झाला. इंग्रजी कुठे शिकलीस म्हणाला. तू माझ्याकडे बोट केलंस. त्याने वळून मला नमस्कार केला, आणि क्षणभर माझ्याकडे तसाच पाहत राहिला, बाईंना काही सांगायचंय का, अशा नजरेने. माझी छाती फुगली होती. मी हसले. त्याने कागदावर सही केली.

तू खाली बसलीस. मी म्हणाले, "शाबास."

आता चुका सांगायची पाळी माझी होती. डॉक्टर पुढच्याच खाटेशी होता, दहा पावलांवर. दहा पावलं जाऊन एक वाक्य बोलायचं. तू माझ्या पदराला धरलंस आणि हळूच "प्लीज, मॅडम" म्हणालीस. मी मनात म्हटलं, थांबून थांबून दुखते म्हणजे कमीच होत असेल. मनात म्हटलं, तिसऱ्यांदा कोण बोलावतं हिला. आणि याच्याही खाली, तळाशी, काय होतं तेही सांगते. माझी विद्यार्थिनी नागपूरला तीन साहेबांसमोर अशीच उभी राहून बोलेल, आणि ते विचारतील, कुठे शिकलीस? मला ते हवं होतं, वच्छला. तुझ्याइतकंच हवं होतं. डॉक्टर वॉर्डाबाहेर गेला.

आईने विचारलं, "काय म्हनला?" तूच सांगितलंस, "सुट्टी देल्ली, बरं हाय म्हनते." तिने खात्री करायला माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली.

बुधवारी तू आईला घेऊन पॅसेंजरने निघालीस. मूर्तिजापूरपर्यंत धकवलंस म्हणे. बडनेऱ्याला आईने तुला खाली घेतलं, टांग्यात घालून अमरावतीच्या दवाखान्यात आणलं, आणि वसतिगृहातल्या मुलीकरवी मला निरोप धाडला. मी आदल्याच संध्याकाळी परतले होते, धावत आले. तू गुडघे पोटाशी घेऊन पडली होतीस. मला ओळखलंस.

"बाई, लय दुखते," म्हणालीस.

जे मंगळवारी बोलायचं ते तू बुधवारी बोललीस, आणि तेही मला. इथला डॉक्टर आपलाच, वऱ्हाडातला. त्याला सगळ्यांचं सगळं समजत होतं. त्याने तपासलं आणि माझ्यावरच डाफरला, "आतमधी फुटलं आहे. काल आणली असती तर काही करता आलं असतं. काल काय करत होते तुम्ही लोक?" मी खाली पाहिलं. गुरुवारी तुझं पोट उघडलं, लगेच शिवलं. शुक्रवारी सकाळी तू गेलीस. नागपूरला त्यांनी तुझं नाव पुकारलं असेल, आणि या वर्षी कुणी उठलंच नाही म्हणून कागदावर रेघ मारली असेल.

तुझ्यावर मी रागावले आहे, हेही ऐक. इतकी वर्षं गप्प बसलीस, आणि तोंड उघडलंस ते असं? मी तुला इंग्रजी दिलं ते आईपासून दुखणं लपवायला? तुला मराठीत खोटं बोलता आलं नसतं. आई समोर होती, तिने तुला तिथेच उघडं पाडलं असतं, डॉक्टरसमोर कानफटात दिली असती. तिच्या डोक्यावरून बोलण्याची शिडी मी तुला बांधून दिली. रोज पाच शब्द, रोज पाच शब्द. मी तुझ्यावर रागावते आणि दुसऱ्या क्षणाला वाटतं, कुठल्या तोंडाने? तू बावीसची होतीस. मी पन्नासची आहे.

तुझ्या पुण्यानुमोदनाला मी अकोल्याला गेले. जावं की नाही, ठरत नव्हतं. पांढऱ्या लुगड्यांतल्या बाया दाटीने बसल्या होत्या, मला बघून त्यांनी जागा करून दिली, एकीने पाण्याचा तांब्या पुढे केला. मी प्याले. त्रिसरण झालं, पंचशील झालं. खोटं न बोलण्याचंही एक वचन त्यात असतं ना? मी सगळ्यांबरोबर हात जोडून बसले होते. जो तो मला सांगत होता, वच्छी तुमचं लय नाव घ्यायची.

निघाले तेव्हा तुझी आई मला पोचवायला पुलापर्यंत आली. नको नको म्हटलं तरी आली. चार-पाच दिवसांत ती एवढीशी झाली आहे. पुलाच्या तोंडाशी थांबून म्हणाली, "बाई, एक इचारू?"

"विचारा."

"त्या रोजी वच्छी डॉक्टरले काय म्हनली होती? मले तं एक अक्षर समजलं नाई. पर लय झकास बोलली. तो डॉक्टरबी हासला."

मला खोटं सांगता आलं असतं. तिला काय कळणार होतं? माझ्या जिभेवर आलंही होतं, माझ्या आईला सांभाळा म्हणाली, असं काहीतरी गोड. पण तुझ्यानंतर आणखी एक खोटं त्या बाईच्या पदरात घालायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

"दुखत नाही म्हणाली," मी सांगितलं. "झोप लागली म्हणाली. नागपूरला जाऊ द्या म्हणाली."

दोन बैलगाड्या आमच्या बाजूने निघून गेल्या. मी वाट पाहत होते की ती रडेल, नाहीतर मला शिव्या देईल. मला शिव्या हव्या होत्या. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं, अगदी शांतपणे, न समजलेली एखादी साधी गोष्ट विचारावी तसं.

"मले एकच येते, बाई," ती म्हणाली. "तुमाले तं दोनी भाषा येत होत्या न?"

हो, वच्छला. मला दोन्ही येत होत्या.